पिकअप उंच करण्यासाठी बॉडी लिफ्ट घ्यावी की सस्पेन्शन लिफ्ट?

कुळागरवाला :

नमस्कार. गोव्यातील वाळपईच्या पुढे आमचे कुळागर (नारळी-पोफळीची बाग) आहे. तेथून नारळ, सुपारी, केळीचे घड आणि मोसमात काजूच्या बिया बाहेर काढण्यासाठी इसुझूची व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर पिकअप वापरतो. डांबरी रस्ता संपल्यानंतरची वाट जांभ्या मातीची आहे. जूनमध्ये पाऊस लागला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होत जातात, मधला वरंबा तेवढाच उंच राहतो आणि ऑगस्टपर्यंत गाडीचे पोट त्यावर घासू लागते. पुढे एक व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो. त्याला पाणी फार नसते, मात्र पलीकडचा काठ चढताना मागचा हूक जमिनीत रुततो.

गाडी दोन इंच उंच करून घ्यावी असा विचार आहे. एका गॅरेजने बॉडी लिफ्ट सुचवली, म्हणजे चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालायचे. दुसऱ्या गॅरेजने सस्पेन्शन लिफ्ट सुचवली, म्हणजे पुढचे स्प्रिंग, मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि चारही शॉकअब्झॉर्बर बदलायचे. दोन्हींच्या खर्चात दुपटीहून अधिक फरक आहे. उंची दोघेही दोन इंचच सांगतात, तर जास्त पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. टायरही थोडे मोठे घालण्याची इच्छा आहे.

अनमोड घाट :

दोन इंच हा आकडा दोन्हीकडे सारखा असला तरी ते दोन इंच गाडीच्या वेगवेगळ्या जागी मिळतात, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आपली गाडी चॅसीवर बांधलेली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) आणि डिझेलची टाकी चॅसीला धरून असतात. केबिन आणि हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) हे दोन स्वतंत्र भाग तिच्यावर बोल्टांनी बसवलेले असतात. बॉडी लिफ्ट करताना मूळचे बोल्ट काढून तेथे नायलॉनचे किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे आणि अधिक लांबीचे बोल्ट घालतात. त्यामुळे केबिन आणि हौदा वर जातात, पण चॅसी, इंजिनचे चेंबर, ट्रान्सफर केस, टाकी आणि सायलेन्सर होते तेथेच राहतात. जमिनीपासूनचे अंतर, म्हणजे ज्यासाठी आपण हा खटाटोप करत आहात ते, एका मिलिमीटरनेही वाढत नाही. वाढते ती चाकाच्या कमानीतील जागा. जेथे मूळच्या कमानीत मावणारच नाहीत इतके मोठे टायर घालायचे असतात, तेथे बॉडी लिफ्टचा खरा उपयोग आहे.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चॅसीच वर जाते आणि तिच्यासोबत तिला जोडलेले सर्व काही. पुढचा बंपर काठाला भिडण्याचा कोन, मागचा हूक घासण्याचा कोन आणि दोन चाकांच्या मधले पोट टेकण्याचा कोन, हे तिन्ही सुधारतात. तरीही एक भाग यातही वर जात नाही, तो म्हणजे मागचा एक्सल आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या दातेरी चाकांचा) गोळा. तो चाकांच्या मध्यावर बसलेला असल्याने त्याची उंची केवळ टायरच्या व्यासावर ठरते. पुढचे डिफरन्शियल आपल्या गाडीत चॅसीला बांधलेले आहे, त्यामुळे ते वर जाते. मागचे जात नाही.

म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी गाडीखाली झोपून पाहा. जांभा लोखंडावर तांबूस ओरखडा सोडतो आणि तो धुतल्यावरही लवकर जात नाही. कोणत्या भागावर ताजे ओरखडे आहेत ते येथे लिहा, मग पुढचे बोलू.

दिवाडीचा धक्का :

बॉडी लिफ्टची बाजूही मांडली जावी असे वाटते, कारण जुन्या पिकअपवर ती मी अनेक वर्षे वापरतो आहे आणि समाधानी आहे. मला रुंद व उंच टायर हवे होते. सस्पेन्शनची मूळ रचना बदलायची नव्हती आणि गाडी चालवण्याची सवयही मोडायची नव्हती. बॉडी लिफ्टनंतर गाडी चालायला पूर्वीसारखीच राहिली. पुढच्या चाकांच्या शाफ्टचे कोन बदलले नाहीत, अलाइनमेंट बिघडले नाही, पाट्यांना हात लागला नाही. इंजिन आणि चॅसी खालीच राहिल्यामुळे वळणावर गाडी फारशी कलतही नाही. तेवढ्याच उंचीच्या सस्पेन्शन लिफ्टमध्ये गुरुत्वमध्य यापेक्षा निश्चितच अधिक वर जातो.

मात्र अनमोड घाट यांनी लिहिलेले मला रोज दिसते. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते तेव्हा तेथे चांगलाच कोन होतो आणि उतरताना गाडीचा मागचा हूक खरवडतो. बॉडी लिफ्ट करण्यापूर्वी तो जसा खरवडत होता तसाच आजही खरवडतो. बंपरही चॅसीला असल्यामुळे वर गेलेली केबिन आणि जागेवर राहिलेला बंपर यांमध्ये फट दिसते. ती झाकायला वेगळे ब्रॅकेट करून घ्यावे लागले.

जुन्या साध्या गाडीवर हे काम सोपे होते. आजच्या गाड्यांत केबिन आणि चॅसी यांच्या दरम्यान किती तारा आणि नळ्या जातात ते पाहता मी घाईने होकार देणार नाही.

कुळागरवाला :

दोघांचेही आभार. आज गाडी सपाट जागी लावून, हौद्यात नेहमीइतक्या गोण्या ठेवून, खाली जाऊन नीट पाहिले.

सर्वांत जास्त ओरखडे मागच्या डिफरन्शियलच्या पोटावर आहेत आणि त्याचा रंग पार निघाला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टांची टोके खाली लोंबतात. आतल्या बाजूच्या टोकांचे आटे चेपले आहेत आणि एका नटाच्या कडा गोल झाल्या आहेत. ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर एक जुना ओरखडा आहे, ताजा नाही. मागच्या हुकावर माती घट्ट बसली आहे. रिकाम्या गाडीचा हूक आणि भरलेल्या गाडीचा हूक यांत चार बोटांचा फरक पडतो. पुढचा बंपर आणि इंजिनखालचा गार्ड स्वच्छ आहेत. टायर 255/60 आर 18 या मापाचे आहेत (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंच).

अनमोड घाट :

हे फार उपयोगी निरीक्षण आहे. यावरून आपल्या गाडीला एक नव्हे, दोन वेगळे त्रास आहेत हे उघड होते.

पहिला त्रास वरंब्याचा. तेथे डिफरन्शियल आणि यू-बोल्ट घासतात. बॉडी लिफ्ट किंवा सस्पेन्शन लिफ्ट यांपैकी कशानेही हा त्रास जाणार नाही. येथे टायरचाच उपयोग आहे, आणि तोही किती ते मोजून पाहू. 255/60 आर 18 टायरचा व्यास सुमारे 763 मिलिमीटर होतो. त्याच रुंदीत 255/65 घेतला तर व्यास सुमारे 789 होतो. व्यासातील वाढीची निम्मीच वाढ एक्सलला मिळते, म्हणजे 13 मिलिमीटर. 265/65 घेतला तर व्यास 802 आणि एक्सलची वाढ साधारण 19 मिलिमीटर. हे आकडे लहान वाटतील, परंतु ओल्या वरंब्यावरून डिफरन्शियल सरकत जाणे आणि त्यावर अडकून चाके हवेत फिरणे यांत पुष्कळदा इतकाच फरक असतो.

या 265/65 मुळे स्पीडोमीटर सुमारे 5 टक्के कमी दाखवील. काटा 60 वर असेल तेव्हा गाडी 63 च्या वेगाने जात असेल. चढावर इंजिनाला थोडा अधिक जोर करावा लागेल आणि ब्रेकलाही. हौद्याखाली टांगलेल्या स्टेपनीच्या जागेत नवे चाक मावते का, हे टायर विकत घेण्यापूर्वी पाहा, कारण ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. 255/65 या मापासाठी बहुधा काहीही कापावे किंवा उचलावे लागणार नाही. तरी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एक पुढचे चाक ठोकळ्यावर चढवून टायर कोठे लागतो का, हे तपासूनच निर्णय घ्यावा.

दुसरा त्रास व्हाळाच्या काठाचा. तेथे मागचा हूक रुततो आणि माल भरल्यावर अधिक रुततो. याचे उत्तर मागच्या पाट्यांत आहे. पाटे दबून हौदा चार बोटे खाली बसत असेल तर नेहमीच्या वजनाला योग्य असे पाटे घालून तीच उंची परत मिळते. वर आणखी 40 मिलिमीटर मिळाले तर हूक मोकळा होईल.

बॉडी लिफ्टने आपला यांपैकी एकही त्रास दूर होत नाही. स्वस्त असली तरी आपल्या कामी न येणाऱ्या वस्तूवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचा पुढचा हिशेबही सांगितलेला बरा. केबिन 50 मिलिमीटर वर गेली की स्टिअरिंगच्या खालच्या शाफ्टला जोड द्यावा लागतो. डिझेल टाकीची नळी ताणली जाते, कारण टाकी चॅसीला आणि तिचे तोंड हौद्याला असते. गिअरचा दांडा तेवढाच खाली जातो. ज्या गाड्यांत पंखा इंजिनावर आणि रेडिएटर बॉडीबरोबर वर जाणारा असतो, तेथे पंख्याची पाती भोवतालच्या आवरणाला खालून लागू शकतात. ब्रेकच्या नळ्या, एबीएसच्या तारा आणि अर्थिंगच्या पट्ट्या एकेक करून पाहाव्या लागतात. गोव्यातील खाऱ्या दमट हवेत केबिनचे बोल्ट काही वर्षांत गंजून धरतात. ते उघडताना केबिनच्या आतला बंदिस्त नट तुटून गरागरा फिरू लागला तर केबिनचा तळ कापून तो काढण्याची वेळ येते.

तांबडी वाट :

कुळागरवाला भाऊ, आपली वाट मी पाहिलेली नाही, पण वर्णन आमच्या सांगे भागातल्या वाटेसारखेच आहे. चाकोऱ्यांत चिऱ्यांचे तुकडे आणि खडी भरून वरून मुरूम दाबला की वरंब्याचा त्रास निम्म्याने कमी होतो. शेजारचे बागायतदारही तीच वाट वापरत असतील तर खर्च वाटून घेता येईल. पावसाचे पाणी चाकोरीतून वाहू नये म्हणून ठरावीक अंतरावर तिरपे चर काढून ते बाजूला सोडावे. नाहीतर एका पावसाळ्यात सगळी भर वाहून जाते.

रानफूल :

तांत्रिक बाजू जाणकार मांडत आहेतच. मी विम्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून कायद्याची बाजू नोंदवते, कारण गॅरेजमध्ये ती कोणी सांगत नाही.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला पासिंगच्या वेळीही हे बदल अडचणीत आणू शकतात.

त्यामुळे जे करायचे ते आधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून करावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली पाहतोच, आणि न कळवलेला बदल अपघाताशी जोडता आला तर दाव्यावर वाद उभा राहतो. बॉडी लिफ्ट यात अधिक उठून दिसते. केबिन आणि चॅसी यांना जोडणाऱ्या बोल्टांवर धडकेचा भार येतो आणि ठोकळ्यामुळे त्या बोल्टांची उघडी लांबी वाढलेली असते.

आणखी एक गोष्ट मालवाहतूक करणाऱ्या सर्वांसाठी. पाटे जाड केले म्हणून गाडीची भारक्षमता वाढली असे कायदा मानत नाही. आरसीवर लिहिलेले एकूण वजन तेच राहते, आणि एक्सल, बेअरिंग व ब्रेक हेही मूळचेच असतात.

नवशिका चालक :

धागा लक्षपूर्वक वाचत आहे. माझ्याकडे टोयोटाची हायलक्स आहे. पुढच्या स्प्रिंगच्या वर केवळ एक चकती घालून दोन इंच मिळतात आणि मागे एक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून तेवढीच उंची मिळते, असे मला सांगण्यात आले. स्प्रिंग व पाटे बदलण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आहे. यात धोका आहे का?

अनमोड घाट :

हायलक्सची बांधणी याच पद्धतीची आहे, पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. त्यामुळे खालील गोष्टी दोन्ही गाड्यांना लागू होतात.

चकतीने गाडी वर येते, पण स्प्रिंग तीच राहते. चाक खाली लोंबण्याची जी मर्यादा असते तिचा बराच भाग गाडी उभी असतानाच वापरला जातो. खड्ड्यातून जाताना चाक खाली येते तेव्हा वरचा आर्म (चाकाला वरून धरणारा दांडा) आणि त्याचा बॉल जॉइंट (गोल सांधा) आपल्या टोकाला जाऊन धडकू लागतात. चाकाकडे जाणारे शाफ्ट अधिक तिरके होतात आणि त्यांच्या टोकांचे रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटला की आपल्याकडची चिकट लाल माती ग्रीसमध्ये शिरते आणि जॉइंट कटकट वाजू लागतो. कॅस्टरचा कोनही (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) कमी होतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग स्थिर राहत नाही. मूळचे वरचे आर्म ठेवून 40 मिलिमीटर, फार तर 50, येथे थांबावे असे मी सर्वांना सांगतो. त्यापुढे जायचे असेल तर वरचे आर्म बदलावे लागतात.

मागच्या ठोकळ्याबद्दल मी अधिक सावध आहे. पाटा एक्सलपासून जितका दूर जातो तितका एक्सलला पिळण्यासाठी हात लांब मिळतो. चढावर क्लच सोडताना किंवा चिखलातून जोर लावताना पाटा इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वाकतो आणि मागून थरथर जाणवते. एक लहान, पक्का, ओतीव ठोकळा एकवेळ चालेल, पण ठोकळ्यावर ठोकळा कधीही नको. शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी कडी) लांब केल्यास जितकी लांबी वाढते त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि एक्सलचा कोनही फिरतो. एक जादा पाटा घालण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे, मात्र रिकामी गाडी त्यामुळे उड्या मारते. पावसात ओल्या डांबरावर मागचा भाग उड्या मारत असेल तर ब्रेक मारताना चाके घसरतात. नेहमीच्या वजनाला अनुरूप असा पाट्यांचा पूर्ण नवा संच आणि त्याला जुळणारे शॉकअब्झॉर्बर, हेच काम टिकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चॅसीवरील एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. माल भरला की चॅसी खाली येते, दांडी दबते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना अधिक दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके लॉक होत नाहीत. सस्पेन्शन उंच केल्यावर चॅसी आणि एक्सल यांतील अंतर वाढते. मग पूर्ण भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा कमी लागतात. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. चोर्ला घाटातून माल घेऊन उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पॅडल मऊ लागू लागते. आपल्या गाडीत ही दांडी आहे का ते खाली वाकून पाहा. असेल तर लिफ्टच्या उंचीइतके तिचे ब्रॅकेट सरकवून व्हॉल्व्ह पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. हे काम मेस्त्रीने केले आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलकडे जोर नेणारा लांब दांडा) दोन तुकड्यांचा असेल तर त्याच्या मधल्या बेअरिंगचा कोनही बदलतो. गाडी जागेवरून हलताना घरघर जाणवली तर ते बेअरिंग किंचित खाली घ्यावे लागते.

दिवाडीचा धक्का :

ब्रेकच्या दांडीचा हा मुद्दा मला ठाऊक नव्हता. बॉडी लिफ्टमध्ये तो उद्भवत नाही हे खरे, परंतु सस्पेन्शनचे काम करून घेतलेल्या माझ्या ओळखीच्या दोघांना आजच कळवतो.

कुळागरवाला :

सर्वांच्या सांगण्यावरून माझा निर्णय असा झाला आहे. बॉडी लिफ्ट नको. वाहतूक खात्याच्या कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करून, हरकत नसल्यास पुढे स्प्रिंग व मागे पाट्यांचा संच, दोन्ही 40 मिलिमीटर, आणि त्यांना जुळणारे शॉकअब्झॉर्बर. टायर 255/65, तेही स्टेपनीच्या जागेचे माप घेतल्यावर. वाटेच्या भरावासाठी शेजाऱ्यांशी बोलणे झाले असून ते तयार आहेत. एक्सल आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह यांच्या मधल्या दांडीचे पाहिले, माझ्या गाडीत ती नाही.

दोन शंका उरल्या आहेत. चेपलेल्या यू-बोल्टांचे काय करावे? आणि व्हाळातून जाण्याच्या दृष्टीने याच वेळी आणखी काही करून घ्यावे का?

अनमोड घाट :

यू-बोल्ट जुने पुन्हा वापरू नयेत. एकदा आवळून ताणलेला आणि आटे चेपलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही. नवे घ्या आणि नटाच्या खाली उरणारी जादा टोके कापून घ्या, म्हणजे वरंब्यावर घासायला ती उरणारच नाहीत. पाटे बसवल्यानंतर काही शे किलोमीटरवर सर्व यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे या काळात किंचित बसतात. अलाइनमेंटही त्यानंतर एकदा करून घ्यावे. पुढचा भाग वर आल्यामुळे हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो आणि आपल्याकडचे रस्ते अरुंद आहेत, तेव्हा तो त्याच दिवशी खाली उतरवून घ्या.

व्हाळासाठी एकच काम करा. मागच्या डिफरन्शियलवर हवा आत-बाहेर होण्यासाठी लहान ब्रीदर असतो. तापलेले डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तेथून किंवा ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत न्यावी आणि तिचे तोंड खाली वळवून ठेवावे. पावसाळा संपल्यावर डिफरन्शियलचा प्लग उघडून तेल पाहा. ते दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदला.

हे सर्व मे महिन्याच्या आत होईल असे पाहा. पाऊस लागल्यावर गाडीखालचे काम कोणतेही गॅरेज मन लावून करत नाही.